पुढचा गोळा

भंगारवाला दोरखंड आणि बैलजोडी घेऊन अंगणात उभा होता, आणि रत्नाबाई काही केल्या जीपमधनं उतरत नव्हती.

सकाळी शेणाचं घमेलं घेऊन गोठ्यातनं बाहेर पडलेली बाई. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, फाटकातनं परका माणूस आत शिरताना दिसला, तसं घमेलं तिथंच ठेवून, पदर खोचून ती थेट गाडीत चढून बसली. शेणानं भरलेले दोन्ही हात स्टेअरिंगवर. पुढची काच फुटलेली होती. त्या भोकातनं ती नीट समोर बघत होती.

"रत्नाबाई, उतर खाली," रघुजी म्हणाला.

"का?"

"माणूस आलाय. आनेकलासनं बैलं घिऊन आलाय त्यो."

"म्या बोलिवलं न्हाई त्येला."

"म्या बोलिवलंय."

"मग तुमीच त्येला चा पाजा आन् वाटंला लावा."

भंगारवाला म्हातारा होता, समजूतदार होता. त्यानं बैल चिंचेच्या सावलीला बांधले आणि आपण बाजूला जाऊन विडी पेटवली. असली भांडणं त्याला नवी नव्हती. लोक मोडकी गाडी विकायला काढतात आणि ऐन वेळेला घरातलं कुणीतरी तिच्या चाकाला मिठी मारतं.

रघुजी हा रत्नाबाईचा थोरला दीर. तिचा नवरा व्यंकोजी मागल्या कार्तिकात गेला. बेंगळूरच्या दक्षिणेला, जंगलाला लागून असलेल्या हुणसेपाळ्याच्या वस्तीत मराठ्यांची दहा-बारा घरं होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. घरात मराठी, बांधावर कन्नड, आणि भांडणात दोन्ही. रघुजीची बायको त्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला होसूरला गेली होती. म्हणून अंगणात ही दोघंच होती, आणि ती जीप.

जीप जुनी म्हणजे किती जुनी, तर दुसऱ्या लढाईतली. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेली, मग कुठल्याशा कॉफीच्या मळ्यात राबलेली, आणि शेवटी व्यंकोजीच्या हाताला लागलेली. चारी चाकांना ओढ असलेली गाडी. पाळ्यातल्या लोकांची निम्मी जमीन ओढ्यापलीकडं, अगदी जंगलाच्या तोंडाशी. पावसाळ्यापासनं मार्गशीर्षापर्यंत ओढ्यात मांडीएवढा चिखल. बैलगाडी आसापर्यंत रुते. व्यंकोजीची जीप तेवढी गुरगुरत, हलत-डुलत पलीकडं चढायची. तिनं साऱ्या पाळ्याची रागी, म्हणजे आपली नाचणी, ओढ्याअल्याड आणली होती. आणि रागीच्या कणसात दाणा भरला, जंगलातले हत्ती खाली उतरायला लागले, की व्यंकोजी त्याच जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत त्यांना परतवायचा.

व्यंकोजी गेला त्या दिवशी दिवेलागणीला हत्ती आले. जीप ओढ्यात उतरली आणि पुढच्या चाकांमधनं काडकन् आवाज झाला. मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरायला लागली. चाकाखाली दगड घालायला व्यंकोजी उतरला. मागनं एक सुळेवाला आला. रघुजी अलीकडच्या काठावर पत्र्याचा डबा घेऊन उभा होता. त्यानं सगळं बघितलं. सगळं म्हणजे सगळं.

नंतर लोकांनी जीप बैलांनी ओढून अंगणात आणून टाकली. तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

रघुजी तेव्हापासनं रडला नव्हता. काम करत होता. नांगरट केली, पेरणी केली, गुरांचं बघितलं. कुणी बोललं तर उत्तर द्यायचा. पण बोलणाऱ्याचा आवाज भिंतीपलीकडनं यावा तसा त्याला ऐकू यायचा. एकदा चुलीतलं लाकूड सारताना बोटं भाजली, तर बायको ओरडेपर्यंत त्याला कळलंच नाही. जीप विकायचं त्यानं ठरवलं, तेही रागानं नाही की दुःखानं नाही. अंगणात जागा अडते, एवढंच त्याला वाटलं होतं.

"असं किती येळ बसणार हाईस?" त्यानं विचारलं.

"त्यो जाईपातूर."

"मोडलेली गाडी हाय ती. पुढचा गोळा फुटलाय तिचा."

"मग नवा घाला."

"आगं, पन्नास वर्सांची गाडी. तिचं सामान कुठं मिळतंय आता?"

"हुडका. बेंगळूर एवढं मोठं हाय. तितं काय मिळत न्हाई?"

"आन् घिऊन करायचं काय?"

तेव्हा कुठं रत्नाबाईनं मान वळवली. "भावजी, पल्याड आपली रागी उभी हाय. मागल्या साली कापायला कोण गेलं न्हाई, समदं हत्तीनं खाल्लं. ह्या सालीबी कोण जाणार न्हाई, समदी तसंच म्हणाल्यात. शेत तसंच टाकायचं? पुढल्या सालीबी? आन् तुमी ही गाडी इकलीसा म्हंजे काय व्हईल? काय झालंच न्हाई असं व्हईल?"

 खरं तर रघुजीला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. तो भंगारवाल्याकडं गेला आणि म्हणाला, "अण्णा, ताक घ्या आन् जावा. इकायची न्हाई."

म्हाताऱ्यानं ताक घेतलं, मिशा पुसल्या, बैल सोडले. जाताना गाडीकडं बघून म्हणाला, "हुडकून बघा. न्हाई मिळालं तर मी हाय."

आनेकलच्या बसथांब्यामागं पिराजीचं गॅरेज होतं. पिराजी व्यंकोजीचा दोस्त. तो दोन दिवसांनी आला आणि जीपच्या पोटाखाली शिरला. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी कलिंगडासारखा एक फुगवटा असतो, त्याला ते लोक गोळा म्हणतात. त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं. मोठं क्राऊन आणि लहान पिनियन. पिराजीनं झाकण काढलं तेव्हा काळ्या तेलाबरोबर तुटलेले दात खाली पडले. त्यानं ते फडक्यात घेतले आणि एकेक पुसला.

"जोडीच पायजे," शेवटी म्हणाला. "एक बदलून भागायचं न्हाई. आन् ही जुनी हाय. मोठ्याला एकोणचाळीस दात, ल्हान्याला आठ. आताच्या जीपला त्रेचाळीस येत्यात. ते बसवलं तर पुढची चाकं येगळी पळत्यात, मागची येगळी. गाडी आपल्या आपण भांडत बसंल."

"मग मागचाबी बदलला तर?"

"मागचा त्येच्याहून अवघड. न्हाई, रघुजी. एकोणचाळीस-आठच हुडकायला लागंल."

फुटक्या दातांचं गाठोडं पिशवीत टाकून रघुजी शहराला निघाला. बस होसूर रस्त्याला लागली. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला काचेच्या इमारती उठत होत्या, गळ्यात फोटोची पट्टी लटकवलेली पोरंपोरी उतरत होती. जिथं लोक आधी एरंडी लावत तिथं आता हिरवळ लावून तिच्यावर पाणी फवारत होते. रघुजी खिडकीतनं बघत होता. दिसत होतं, पण आत पोचत नव्हतं.

मार्केटला उतरून तो जे.सी. रोडला गेला. दोन्ही बाजूंना मोटारींच्या सामानाची दुकानं, चकचकीत खोकी, टांगलेल्या रबरी नळ्या, तेलाचा वास. पहिल्या दुकानापुढं उभा राहून तो म्हणाला, "पुढचा गोळा. एकोणचाळीस-आठ. जुन्या लढाईतल्या जीपचा."

"इल्ला," दुकानदार म्हणाला. नाही.

दुसऱ्यात तेच म्हणाला. तिसऱ्यात तेच. एकानं त्रेचाळीसचं नवं कोरं खोकं उघडून दाखवलं. एकजण हसला आणि आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, बघा, हे अण्णा म्युझियमचं सामान मागतायत. एकानं "स्वल्प इरी" म्हणून थांबवलं, आतनं कुणाला तरी फोन केला आणि मग मान हलवली. रघुजी हे वाक्य देवळातल्या मंत्रासारखं म्हणत पुढं सरकत राहिला. ऊन चढलं, पायाखालचं डांबर मऊ झालं. नाही म्हटलं की वाईट वाटत नव्हतं. एखादेवेळी कुणी हो म्हटलं असतं तरी आनंद झाला असता की नाही, देव जाणे.

संध्याकाळी एका हमालानं सांगितलं, इथं कशाला फिरता, शिवाजीनगरला गुजरीत जा.

गुजरी म्हणजे जुन्या सामानाचा बाजार. अरुंद गल्ली, आणि दोन्हीकडं मेलेल्या गाड्यांची आतडी. इथं दरवाज्यांची चळत, तिथं इंजिनांची रास. गटारातलं पाणीसुद्धा तेलानं इंद्रधनुष्यासारखं झालेलं. रघुजीनं आपलं वाक्य कन्नडमध्ये म्हणायला तोंड उघडलं, तर आतनं आवाज आला, "मराठी का हो तुमी?"

दुकानदार देवाप्पा. चिकोडीकडचा, तीस-एक वर्षांपूर्वी शहरात आलेला. त्यानं रघुजीला टायरवर बसवलं, कॉफी मागवली, गाठोडं उघडून दात हातात घेतले.

"हे झिजून मोडल्यालं न्हवं," तो म्हणाला. "दणक्यात मोडलंय. कुठं अडकली हुती गाडी?"

"ओढ्यात."

"माणसं बरी हाईत न्हवं?"

रघुजीनं कॉफीचा पेला तोंडाला लावला. देवाप्पानं परत विचारलं नाही. दात परत गाठोड्यात बांधत म्हणाला, "चिकमगळूरच्या एका मळ्यातली जुनी जीप मोडायला यायची हाय. आली तर तुमचंच नशीब. आनेकलात फोन हाय का कुठं?"

पिराजीच्या गॅरेजशेजारी फोनचं बूथ होतं. त्याचा नंबर देऊन रघुजी परतला.

निरोप आला तो पितृपक्षात. रत्नाबाई म्हणाली, मी पण येते. रघुजी म्हणाला, तिथं बायका येत नाहीत. ती म्हणाली, मग आज एक जाईल.

गुजरीत देवाप्पाच्या दुकानापुढं तेल गाळत एक जुना आस पडला होता. गोळा उघडून ठेवलेला. आत दातन्‌दात शाबूत, काळे, जाडजूड, एकमेकांत बसलेले. आणि त्याच्यापुढं उकिडवा बसून एक तरणा माणूस त्यांच्यावरनं बोट फिरवत होता. जीनची पँट, बारीक चष्मा, पाठीला पिशवी.

देवाप्पा रघुजीला बघून उभा राहिला. त्याचा चेहराच सांगत होता. "जरा गोंधळ झाला बघा, रघुजी. मी गावाला गेल्तो. दुकानात आमचा भाचा हुता. त्येनं ह्यांच्याकडनं पैसं घिऊन सोडलं. मला काल संध्याकाळी कळलं, तवर तुमास्नी निरोप गेल्ता."

तरणा माणूस उठला. "तुम्ही मराठी? अरे वा! मी शंतनु. पुण्याचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये." मग त्याला काय चाललंय ते उमगलं. "ओह. तुम्हालाही हेच हवं होतं का? सॉरी काका, पण मी ऑलरेडी पूर्ण पेमेंट केलंय. सहा महिने शोधतोय मी हे. लिटरली सहा महिने."

"बरं," रघुजी म्हणाला आणि जायला वळला.

रत्नाबाई वळली नाही. तिनं विचारलं, "तुमची पण अशीच गाडी हाय?"

"हो! सेम. चव्वेचाळीसची. ऑक्शनमध्ये घेतली. काय गाडी आहे हो, अशी आता बनत नाही."

"काय करता तिनं?"

"शनिवार-रविवार आम्ही मित्र बाहेर पडतो. सावनदुर्ग, रामनगर. डोंगरातनं, नदीतनं. मजा येते."

"आन् चिखलात अडकली तर?"

"अडकतेच!" तो हसला. "तीच तर मजा. मग सगळे उतरून ढकलतात. फोटो काढतो."

 रत्नाबाईनं रघुजीकडं बघितलं. आणि रघुजीनं सांगितलं, जे.सी. रोडवर ते वाक्य म्हणायचा त्याच आवाजात. "आमची पण अडकली. माझा भाऊ चाकाखाली दगड घालायला उतरला. हत्तीनं मारला. ही त्येची बायको."

गल्लीत कुठंतरी हातोडा चालू होता. शंतनुनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. देवाप्पा जमिनीकडं बघत होता.

"हत्ती?" शंतनु म्हणाला. "म्हणजे... इथं? बेंगळूरजवळ?"

"तुमच्या हापिसापास्नं तासाभराच्या वाटंवर," रत्नाबाई म्हणाली.

"मला खरंच... आय ॲम सो सॉरी." तो अडखळला. मग एकदम त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काका, असं करू या का? मी माझी जीप घेऊन येतो तुमच्याकडं. वीकेंडला. माझे मित्रपण येतील. हत्ती हाकलायला आम्ही हेल्प करतो. आमच्याकडं मोठे लाइट्स आहेत. मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला तर हत्ती बघायची इतकी..."

"हत्ती बघायला येऊ नगा," रत्नाबाई म्हणाली.

ती ओरडली नाही. शेजारणीला पाणी तापलंय सांगावं तशी बोलली. पण शंतनुचा चेहरा कुणी चापट मारल्यासारखा लाल झाला. त्यानं मुकाट्यानं हमालाला बोलावलं. गोळा गोणपाटात बांधला गेला, रिक्षात चढला. पाठोपाठ तोही बसून गेला.

परतीच्या बसमध्ये रत्नाबाई खिडकीशी बसली. बोम्मनहळ्ळी गेल्यावर म्हणाली, "त्येचं काय चुकलं न्हाई. आधी आला, घिऊन गेला."

"व्हय."

"तुमास्नी राग आला न्हाई का?"

"न्हाई."

"मला आला," ती म्हणाली. "लई आला. बरं वाटलं."

त्यानंतर रघुजी गुजरीत आणखी फेऱ्या मारून आला. तुमकूर रस्त्याला एक मोडीत काढलेल्या सरकारी गाड्यांचं आवार होतं, तिथं गेला. होसूरला गेला. कुठं क्राऊन मिळालं तर पिनियन नाही, कुठं दोन्ही मिळाली तर गंजून एकजीव झालेली. पल्याड रागी पोटरीत आली. रत्नाबाई रोज ओढ्याच्या अलीकडं उभी राहून बघायची आणि परत यायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडं आयुधपूजा असते. नांगर, कोयते, सायकली, मोटारी, सगळ्यांना धुऊन हळदकुंकू लावतात. रत्नाबाईनं जीपवरच्या कोंबड्या हुसकल्या, बादल्यांनी पाणी ओतून धुतली, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, झेंडूची माळ घातली. पाळ्यातली लोकं येता-जाता बघत होती. न चालणाऱ्या गाडीची पूजा. कुणी हसलं नाही.

दुपारी फाटकाशी इंजिनाचा आवाज आला. तशीच दुसरी जीप, हिरवी, धुळीनं भरलेली. शंतनु एकटाच उतरला. मागच्या बाजूनं गोणपाटाचं ते बोचकं त्यानं ओढून काढलं. एकट्याला पेलवेना, रघुजीनं हात लावला.

"देवाप्पांनी पत्ता दिला," तो म्हणाला. "काका, मी अमेरिकेला चाललोय. कंपनी पाठवतेय, दोन-तीन वर्षं तरी. गाडी विकली मी. होसूरच्या माणसाला, आजच द्यायची आहे. त्याला फोर-व्हील ड्राइव्ह नकोय, नुसती शोसाठी हवीय. मग हे... म्हटलं तुम्हालाच द्यावं." तो घाम पुसत होता. "मला खरं तर त्याच दिवशी द्यायला हवं होतं. घरी गेलो आणि... पण नाही दिलं. जायचं ठरलं तेव्हा दिलं. हे असं आहे."

"आणलं न्हवं?" रत्नाबाई म्हणाली. "बसा. जेवून जावा. आज पूजा हाय."

पैशाचं त्यांचं आपसात मिटलं, ते इथं सांगत बसत नाही. शंतनु पडवीत बसून रागीचे उंडे सारात बुडवून जेवला, घशाखाली उतरेनात तरी जेवला. जाताना रत्नाबाईनं त्याच्याही गाडीला हळदकुंकू लावलं. विकलेली गाडी, पण धुळीवर दोन बोटं उमटली. तो गेल्यावर रघुजी गोणपाट सोडून त्या दातांपुढं बसला. मिळालं होतं. दोन महिने हिंडला होता त्याच्यासाठी. काहीतरी वाटेल म्हणून तो वाट बघत बसला. पण काहीच वाटलं नाही. मग उठून गुरांना पाणी दाखवायला गेला.

पिराजीनं दसरा होताच गोळा बसवला. बॅटरी आणली, पेट्रोल घातलं, हॅंडल मारलं. दुपारपर्यंत गाडी खोकत राहिली आणि मग एकदम सुरू झाली. चिंचेवरचे कावळे उडाले. पिराजीनं किल्ली रघुजीपुढं धरली.

"मी चालवणार न्हाई," रघुजी म्हणाला.

पिराजी बघत राहिला. "मग येवढा खटाटोप कशाला केलास रं?"

"तिनं सांगितलं म्हणून."

"आन् चालवणार कोण?"

रत्नाबाई तुळशीपाशी उभी होती. पुढं आली, पिराजीच्या हातातनं किल्ली घेतली. "भावजींनी चालवायची असं कोण म्हणालं?" ती म्हणाली. "मला शिकवा म्हंजे झालं."

पिराजी हसायला लागला, मग त्याचं हसू आपोआप थांबलं.

गावाबाहेरचं तळं त्या साली अर्धंच भरलं होतं. काठाला सपाट, कडक पांढरी जमीन उघडी पडलेली. तिथं रघुजी तिला रोज सकाळी घेऊन जायचा. शेजारी बसायचा आणि तेवढंच बोलायचा. "क्लच. आता गेर. सोड. हळू." गाडी बेडकासारखी उड्या मारून बंद पडायची. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. एक म्हातारी म्हणाली, नवरा गेला, आता लाज पण गेली. रत्नाबाईनं गाडी फिरवून बरोबर तिच्या दगडाशेजारनं नेली आणि तिच्या लुगड्यावर चिखल उडवला. दुसऱ्या दिवशी त्याच म्हातारीनं विचारलं, पल्याड जाशील तेव्हा माझ्या शेताकडं पण बघशील का गं?

"ह्यो धाकटा दांडा," रघुजीनं एक दिवस दाखवलं. "ह्यो ओढला म्हंजे पुढची चाकंबी ओढत्यात. कोरड्यात ओढायचा न्हाई. ओढ्यात उतरायच्या आधी ओढायचा. आन् उतरल्यावर थांबायचं न्हाई. काय बी झालं तरी थांबायचं न्हाई."

"काय बी झालं तरी?"

"गाडीतनं उतरायचं न्हाई."

 रत्नाबाईनं दांडा एकदा मुठीत धरून बघितला, मग परत किल्ली फिरवली.

हत्ती दिवाळीनंतर आले. नुकतं फटफटत होतं. धुकं इतकं की गोठ्यापासनं घर दिसेना. पल्याडच्या माळ्यावरनं राखणदाराची कुकारी आली, मग दुसरी. रघुजी बाहेर आला तर रत्नाबाई आधीच गाडीत. इंजिन सुरू, लाइट सुरू, धुक्यात दोन पिवळे खांब. तिनं शेजारच्या जागेवरचा पत्र्याचा डबा उचलून त्याच्या हातात दिला.

"बसा."

तो बसला.

ओढ्याच्या उतारावर तिनं धाकटा दांडा ओढला. गाडी चिखलात शिरली. मागची चाकं घसरली, बुड डावीकडं सरकलं, आणि मग पुढची चाकं चिखलात रुतून ओढायला लागली. दोन्ही बाजूंनी लाल चिखल उडत होता, तोंडावर येत होता. ती जागा आली. रघुजीला ती न बघता कळली. रत्नाबाईचे ओठ घट्ट मिटलेले, ती थांबली नाही. गाडी गुरगुरत पल्याडच्या काठावर चढली, पुढची चाकं हवेत, मग धपकन् खाली.

रागीत पाच हत्ती होते. दोन माद्या, दोन लहान, आणि एक सुळेवाला. सोंडेनं मुठीएवढा झुपका उपटायचे, पायावर आपटून माती झाडायचे, तोंडात घालायचे. सावकाश. आपल्याच शेतात असल्यासारखे. रत्नाबाईनं हॉर्नवर हात दाबून धरला. माद्या पिल्लांना मध्ये घेऊन वळल्या. सुळेवाला वळला नाही. त्यानं कान पसरले आणि लाइटच्या उजेडात पुढं आला.

तोच होता की दुसरा, कोण सांगणार.   पण रघुजीच्या तळहाताला घाम आला, डबा निसटायला लागला, दात दातांवर आपटायला लागले. छातीत कुणीतरी मोगरीनं कुटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्याला आपलं अंग आपलं म्हणून कळलं, आणि ते सगळं भयानं भरलेलं होतं.

"रत्नाबाई," तो म्हणाला. आवाज चिरकला. "मागं घे. मागं घे गं बाई. मला भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. ती समोरनं नजर काढत नव्हती. "डबा वाजवा."

"अगं..."

"वाजवा म्हंते न्हवं!"

त्यानं डबा वाजवला. आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. रत्नाबाईनं पहिला गेर टाकला आणि गाडी हत्तीच्या दिशेनं एक हात, दोन हात, पुढं सरकवली, हॉर्न दाबलेलाच. सुळेवाल्यानं पायानं माती उडवली. सोंड वर केली. मग एकदम, कंटाळा आल्यासारखा, तो वळला आणि चालत, न पळता, बाकीच्यांच्या मागं धुक्यात गेला. झाडं मोडल्याचे आवाज लांब लांब गेले आणि थांबले.

रत्नाबाईनं हॉर्न सोडला, इंजिन बंद केलं. तरी रघुजी डबा बडवतच होता. तोंडातनं आवाज येत होता, रडण्याचा की ओरडण्याचा, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. डबा चेपून चपटा झाला. तिनं त्याला थांबवलं नाही. स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसली, तिचे खांदे हलत होते.

उजाडलं. धुकं विरळ झालं. निम्मी रागी आडवी झाली होती, चिखलात तुडवलेली. निम्मी उभी होती, कणसांवर दंव. रघुजीच्या हातांना डब्याच्या पत्र्यानं कापलं होतं. रक्त बघून तो म्हणाला, "दुखतंय."

"धुवा ओढ्यात," रत्नाबाई म्हणाली.

तो खाली उतरला.  उभ्या रागीत शिरून त्यानं एक कणीस हातात चुरगळलं, फुंकर घातली, दाणे बघितले.

"पिकलीय," तो म्हणाला. "तू गाडी घिऊन जा. समद्यांस्नी हाक मार, इळं घिऊन या म्हणावं. रातीला ते परत येतील. उरलंय तेवढं आजच कापू."

रत्नाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि किल्ली फिरवली.